शेवट बदलायचा हक्क कुणाचा?

1 ऑगस्ट 2025 रोजी तमिळनाडूत 'अंबिकापती' हा चित्रपट पुन्हा लागला. 2013 साली आलेल्या 'रांझणा' या हिंदी चित्रपटाची ही तमिळ आवृत्ती. मूळ चित्रपटात नायक कुंदन शेवटी मरतो. नव्या प्रतीत तो मरत नाही, इस्पितळात शुद्धीवर येतो. हा वाचलेला कुंदन कुठल्याही कॅमेऱ्यासमोर कधी उभा राहिलेला नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीनं तो बनवून जुन्या चित्रपटाला जोडला गेला. दिग्दर्शक आनंद एल. राय यांनी उघड विरोध केला, कुंदनची भूमिका केलेल्या धनुषनंही केला. चित्रपटाचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्या इरॉस कंपनीनं माघार घेतली नाही. चित्रपट आमचा, हक्क आमचे, असं तिचं म्हणणं.

आपल्याकडे दोन-चार दिवस चर्चा झाली आणि विषय मागे पडला. मला मात्र तो फार मोठा वाटतो. चित्रपट ही कला आहे असं आपण शंभर वर्षं म्हणत आलो. महोत्सव भरवतो, पुरस्कार देतो, दिग्दर्शकांच्या शताब्द्या साजऱ्या करतो. पण ही कला नेमकी कशात असते आणि ती कुणाची असते, या दोन प्रश्नांची उत्तरं आपण कधी नीट दिलीच नाहीत. ती दिली नाहीत म्हणून एखादी कंपनी मेलेल्या पात्राला उठवून बसवू शकते. माझं मत स्पष्ट सांगतो. चित्रपट लोकांसमोर आला की तो पूर्ण झालेली कृती असतो. त्याची मालकी विकत घेता येते, पण तो आतून बदलण्याचा हक्क त्या मालकीबरोबर येता कामा नये. दिग्दर्शकाला कायद्यानं चित्रपटाचा कर्ता मानलं पाहिजे.

आधी त्या शेवटाकडेच पाहू. 'रांझणा' मला निर्दोष वाटत नाही. नको म्हणणाऱ्या मुलीच्या मागे वर्षानुवर्षं लागणाऱ्या मुलाला तो फार प्रेमानं रंगवतो, अशी टीका 2013 मध्ये झाली होती आणि तिच्यात तथ्य आहे. पण त्या चित्रपटात या वेडाचा काही हिशेब होत असेल तर तो शेवटच्या मिनिटांत होतो. इस्पितळात पडलेल्या कुंदनचा आवाज ऐकू येतो. उठायचं ठरवलं तर उठता येईल, पण पुन्हा तेच सगळं कशासाठी आणि कुणासाठी, अशा अर्थाचं काहीतरी तो स्वतःशी बोलतो आणि उठायचं नाकारतो. सगळा चित्रपटभर ज्याला 'नाही' हा शब्द कळला नाही, तो पहिल्यांदाच स्वतःला 'नाही' म्हणतो. त्याचं मरण हा अपघात राहत नाही, तो त्याचा निर्णय होतो. यंत्रानं नेमकं हेच पुसलं. आता पाठलाग करणारा वाचतो, म्हणजे पाठलागाचं त्याला बक्षीस मिळतं. बदल काही मिनिटांचा आहे, पण त्यानं मागच्या दोन तासांचा अर्थ उलटा केला. ज्यांनी 'रांझणा'वर कडक टीका केली, त्यांनी या बदलाला सर्वांत आधी विरोध करायला हवा होता. कारण नव्या प्रतीत तो चित्रपट त्यांच्या आरोपाला खऱ्या अर्थानं पात्र झाला.

शेवट म्हणजे शेपूट, तोडून दुसरं लावलं तर बाकीचं अंग तसंच राहतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी 'सैराट' आठवावा. महाराष्ट्रात तो न पाहिलेला माणूस शोधावा लागेल. अजय-अतुलचं संगीत, हॉलिवूडमध्ये जाऊन मोठ्या वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित केलेलं. पूर्वार्धात ते आपल्याला अक्षरशः उचलून नेतं. विहीर, बुलेट, ट्रॅक्टर, उसाची शेतं, सगळं त्या सुरांवर तरंगत असतं. उत्तरार्धात हैदराबादेत संसार सुरू होतो आणि संगीत हळूहळू मागे सरतं. शेवटी आर्चीचा भाऊ माणसं घेऊन घरी येतो, आईनं पाठवलेल्या वस्तू देतो, ती चहा करते. बाळ शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं असतं. ते परत येतं, आत जातं, आणि तिथून पुढे पडद्यावर आवाजच उरत नाही. बाळ रडतंय हे दिसतं, ऐकू येत नाही. मग ते बाहेर चालू लागतं आणि त्याच्या इवल्या पावलांचे लाल ठसे मागे उमटत जातात.

त्या वेळी चित्रपटगृहात जी शांतता पसरायची ती पुष्कळांना आठवत असेल. ती कशातून येते? नुसत्या खुनातून नाही. खून आपण रोज बातम्यांत पाहतो. ती येते, कारण दोन तासांपूर्वी याच चित्रपटानं आपल्याला सुरांत बुडवलेलं असतं. दिलेलं सगळं तो एका क्षणात काढून घेतो. त्या शांततेचं निम्मं कारण 'झिंगाट'मध्ये आहे. म्हणूनच शेवट पाहिल्यावर पूर्वार्ध पहिल्यासारखा राहत नाही. पुन्हा पाहताना त्या गाण्यांत नाचणारी माणसं उद्या काय करणार आहेत हे आपल्याला ठाऊक असतं. चित्रपट पुढे सरकतो आणि सरकता सरकता मागचं बदलत जातो. चित्राचा कोपरा खरवडला तर उरलेलं चित्र निदान दिसत तरी राहतं. चित्रपट वेळेत घडलेला असतो, त्यातला एक तुकडा बदलला की प्रत्येक तुकड्याची आठवण बदलते.

'सैराट'चा हिंदी अवतार 2018 साली आला, 'धडक'. त्यात शेवट वेगळा आहे: नायक आणि बाळ मारले जातात, नायिका जिवंत राहते. मला तो 'सैराट'च्या पासंगालाही पुरणारा वाटला नाही. पण त्याविरुद्ध माझी कसलीही तक्रार नाही. ज्यांनी तो केला त्यांनी आपली माणसं उभी केली, आपला कॅमेरा लावला, आपलं नाव घातलं. मूळ चित्रपट जागेवर शाबूत राहिला. उद्या कुणी आर्ची आणि परशा सुखानं म्हातारे होतात असा चित्रपट काढला तरी हरकत नाही. हरकत आहे ती आकाश ठोसर आणि रिंकू राजगुरू यांच्याच चेहऱ्यांनी, त्याच नावानं, त्याच चित्रपटाच्या पोटात शिरून तो बदलण्याला.

नाटकाशी तुलना केली की हा फरक जास्त स्पष्ट होतो. मराठी माणसाला नाटक रक्तात मुरलेलं आहे. एकाच नाटकाचे हजार प्रयोग होतात, नट बदलतात, एखादी जागा रंगते, एखादी पडते, प्रेक्षकांनी वन्समोअर दिला की पद पुन्हा होतं. एखाद्या संस्थेनं प्रयोगाचं मातेरं केलं तरी संहिता सुरक्षित असते. उद्या दुसरं कुणीतरी ते नाटक नीट उभं करील. चित्रपटाला अशी मागे राहिलेली संहिता नसते. पटकथा म्हणजे चित्रपट नव्हे. 1936 सालच्या 'संत तुकाराम'ची पटकथा कितीही वेळा वाचली तरी विष्णुपंत पागनीसांचा चेहरा त्यात सापडणार नाही, आणि तो चेहरा नसेल तर तो चित्रपटच नाही. ती चित्रं, ते आवाज, तो क्रम, इतकंच काय ते आहे. ते बिघडवलं तर ज्याच्याकडे परत जावं असं दुसरं काही उरत नाही.

आता कायदा. आपला स्वामित्व हक्काचा कायदा 1957 सालचा आहे. कोणत्या कृतीचा कर्ता कोण, हे त्याच्या दुसऱ्याच कलमात सांगितलंय. पुस्तकाचा कर्ता लेखक, संगीताचा संगीतकार, चित्राचा चित्रकार. छायाचित्राचा कर्ता ते काढणारी व्यक्ती. आणि चित्रपटाचा कर्ता निर्माता. एक छायाचित्र काढलं तर ते काढणाऱ्याचं. सेकंदाला चोवीस या वेगानं दीड-दोन लाख चित्रं एका विचारानं गुंफली तर मात्र ज्यानं पुढाकार घेऊन जबाबदारी उचलली, म्हणजे बहुतेक वेळा ज्यानं पैसे उभे केले, तो कर्ता. हे वाचून ज्याला अस्वस्थ वाटत नाही त्यानं ते कलम पुन्हा वाचावं.

याचा परिणाम कलम 57 पाशी दिसतो. कर्त्यानं आपले सगळे हक्क विकले तरी एक हक्क त्याच्याजवळ राहतो, असं ते कलम सांगतं. कृतीची मोडतोड करून कुणी कर्त्याच्या लौकिकाला धक्का लावला तर तो न्यायालयात जाऊ शकतो. या कलमानं आपल्या देशात फार चांगलं काम केलंय. अमरनाथ सहगल या शिल्पकारानं दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी कांस्याचं प्रचंड भित्तिशिल्प केलं होतं. 1979 मध्ये सरकारनं ते काढून गोदामात टाकलं. शिल्प सरकारच्या मालकीचं, भिंत सरकारची. तरी 2005 साली दिल्ली उच्च न्यायालयानं शिल्पकाराच्या बाजूनं निकाल दिला, उरलेले भाग त्याला परत करायला लावले आणि पाच लाख रुपये नुकसानभरपाई दिली. मन्नू भंडारी यांच्या कादंबरीवरून निघालेल्या चित्रपटाच्या प्रकरणात 1986 साली याच न्यायालयानं मान्य केलं, की कादंबरीचे चित्रपटहक्क विकले म्हणून लेखिकेचा हा हक्क संपत नाही. 2012 च्या दुरुस्तीनं नट-गायकांनाही आपल्या सादरीकरणाच्या विकृतीविरुद्ध दाद मागण्याचा हक्क दिला.

म्हणजे कादंबरीकाराला हक्क आहे, गीतकाराला, संगीतकाराला, शिल्पकाराला, नटाला आहे. ज्यानं ही सगळी माणसं एका ठिकाणी आणून त्यातून एकच एक गोष्ट घडवली, त्या दिग्दर्शकाला दिग्दर्शक म्हणून नाही. त्यानं पटकथाही स्वतः लिहिली असेल तर लेखक या नात्यानं तो मागच्या दारानं काही दाद मागू शकेल. पुढचं दार बंद आहे. 2010 साली संसदेत आलेल्या दुरुस्ती विधेयकात निर्मात्याबरोबर मुख्य दिग्दर्शकालाही कर्ता मानण्याची तरतूद होती. 2012 मध्ये कायदा मंजूर होईपर्यंत ती गळाली.

ही नुसती कलमांची चूक असती तर एवढं लिहिलं नसतं. तिच्यामागे एक जुना विचार आहे. कायद्याच्या व्याख्येत चित्रपट म्हणजे दृश्याचं 'मुद्रण'. समोर काही घडलं आणि यंत्रानं ते नोंदवलं. ब्रिटिश तत्त्वज्ञ रॉजर स्क्रूटन यांनी 1981 मध्ये हाच विचार फार टोकदारपणे मांडला होता. चित्रकार जे काढतो ते त्याच्या मनातून जातं, कॅमेरा मात्र समोर जे आहे त्याचा ठसा घेतो. म्हणून पडद्यावरची कला खरं तर कॅमेऱ्यासमोर झालेल्या नाट्याची, चित्रपट त्या नाट्याचा फक्त फोटो. हे खरं मानलं तर दिग्दर्शकाला कर्ता मानायचं कारणच उरत नाही. नोंद ज्यानं करवून घेतली त्याची.

या युक्तिवादाचं उत्तर तो मांडला जाण्याच्या सात दशकं आधी दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत देऊन ठेवलं होतं. 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल उभं करायचं होतं, म्हणून त्यांनी 1912 मध्ये एक छोटी फिल्म केली. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा रोखून ठेवला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत राहिले. पडद्यावर दाणा रुजतो, कोंब वर येतो, पानं उलगडतात, हे सगळं एक-दोन मिनिटांत. त्यातलं प्रत्येक चित्र म्हणजे समोरच्या रोपाचा प्रामाणिक ठसा. पण रोप उगवताना जसं पडद्यावर दिसलं तसं ते जगात कुणाच्याही डोळ्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. वेळ आवळण्याचा निर्णय कॅमेऱ्याचा नव्हता, वाटाण्याचाही नव्हता. तो फाळक्यांचा होता. चित्रपटकला तिथे आहे: काय टिपायचं, कधी थांबायचं, कशानंतर काय ठेवायचं आणि ते किती वेळ पाहू द्यायचं, या निर्णयांत. हे निर्णय नट घेत नाही, पैसे देणाराही सहसा घेत नाही. फाळक्यांना ती फिल्म पाहूनच भांडवल मिळालं. आपल्या सिनेमाच्या जन्माच्या वेळी पैसा कलेकडे पाहून आला, हे लक्षात ठेवावं.

आक्षेप येतात, आणि ते हलके नाहीत. पहिला असा की चित्रपट एकट्याचा नसतो. अगदी बरोबर. 'संत तुकाराम'चे दिग्दर्शकच दोन होते, दामले आणि फत्तेलाल. पटकथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचं. 'आधी बीज एकले' हे गाणं शांताराम आठवल्यांनी लिहिलं आणि ते इतकं एकजीव झालं की लोक ते तुकोबांच्या गाथेत शोधत बसले. पण पुष्कळ हात लागले म्हणून कर्ता नाही, हे कुठलं तर्कशास्त्र? पुष्कळ हात लागले तर पुष्कळ कर्ते माना. फ्रान्सच्या कायद्यात पटकथा, संवाद, संगीत आणि दिग्दर्शन करणारे सगळे सहकर्ते धरले जातात. पुष्कळांचं काम आहे म्हणून ते ज्याच्या नावावर फक्त गुंतवणूक आहे अशा एकाला देऊन टाकायचं, हा उलटा न्याय झाला.

दुसरा आक्षेप पैशाचा. निर्माता घरदार गहाण टाकतो, चित्रपट पडला तर तोच बुडतो. त्यालाही मान आहे. म्हणून तर विक्री, वितरण, डबिंग, प्रक्षेपण हे सगळे हक्क त्याचेच राहावेत. चित्रपट तयार होत असताना भांडण्याचा हक्कही त्याचा आहे, आणि त्या भांडणातून पुष्कळदा चित्रपट सुधारतो. मी बोलतोय ते प्रदर्शनानंतरच्या बदलांबद्दल. बारा वर्षांनी उठून.

तिसरा आक्षेप मला सर्वांत आतून टोचतो, कारण तो आपल्या परंपरेचा आहे. आपल्याकडे गोष्ट कधी एकाची नव्हतीच. रामायण किती आहेत, मोजता येत नाहीत. कीर्तनकार तेच आख्यान रोज नवं करून सांगतो. मग एखाद्या चित्रपटाला दोन शेवट असले तर एवढा आकांत का? गोष्ट वाहती राहू द्यावी, कर्त्याच्या नावाची ही मिरासदारी पाश्चात्त्यांची.

याचं उत्तर संत एकनाथांकडे आहे. त्यांनी स्वतः 'भावार्थ रामायण' रचलं, रामकथा आपल्या काळाची आणि आपल्या मराठीची करून सांगितली. गोष्ट पुन्हा सांगण्याचं स्वातंत्र्य त्यांच्याइतकं फार थोड्यांनी घेतलं असेल. पण हेच एकनाथ ज्ञानेश्वरीपाशी आले तेव्हा काय केलं? पाठांतरात आणि नकलांत शिरलेली भर काढून त्यांनी शके 1506 मध्ये शुद्ध प्रत तयार केली आणि शेवटी लिहून ठेवलं:

ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओवी करील मऱ्हाटी ।
तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥

नरोटी म्हणजे करवंटी. रामायण नव्यानं सांगणारा आणि ज्ञानेश्वरीत एक ओवीही घालू न देणारा माणूस एकच आहे. त्यात विसंगती मुळीच नाही. कथा सगळ्यांची असते, रचलेला पाठ रचणाऱ्याचा असतो. नवं सांगायचं असेल तर आपल्या नावानं, आपल्या शब्दांत सांगा, दुसऱ्याच्या मजकुरात आपली ओवी घुसडू नका. तुकोबांच्या गाथेत 'तुका म्हणे' लावून आत शिरलेले अभंग वेचून काढण्यात आपल्या संशोधकांनी आयुष्यं घालवली. ज्या भाषेत हे झालंय तिथे पाठाची शुद्धता ही कल्पना परकी आहे असं कुणी म्हणू नये. 'अंबिकापती'त जे झालं ते आख्यान नव्हतं, तो प्रक्षेप होता, म्हणजे मागाहून घुसडलेली भर.

माझ्याच म्हणण्याला अडचणीत आणणारी दोन उदाहरणंही आहेत, ती टाळून चालणार नाही.

'मुघल-ए-आझम' 1960 मध्ये आला तेव्हा बहुतांश कृष्णधवल होता. काही भाग रंगीत होता, त्यात शीशमहालातलं 'प्यार किया तो डरना क्या'. संपूर्ण चित्रपट रंगीत पुन्हा चित्रित करावा अशी के. आसिफ यांची इच्छा होती, वितरक थांबायला तयार नव्हते. 2004 मध्ये तो संगणकानं पूर्ण रंगवून प्रदर्शित झाला. मग यात दिग्दर्शकाची इच्छाच पुरी झाली ना? इथे मला वाटतं ते असं. मूळ प्रत पाहताना दीर्घकाळ राखाडी जगात वावरल्यावर अनारकली भर दरबारात बादशहासमोर गायला लागते आणि पडद्यावर रंग येतात. भीती गेली आणि रंग आले. छतातल्या शेकडो आरशांत ती एकच बाई बंड करून नाचते आहे, आणि ती रंगीत आहे. आसिफ यांच्या मनात काहीही असो, वितरकांच्या घाईतून, पैशाच्या अडचणीतून जे जन्माला आलं त्यात हा क्षण होता. संपूर्ण रंगवलेल्या प्रतीत तो उरला नाही, कारण तिथे रंग आधीपासूनच आहे. कृष्णधवल म्हणजे रंगांचा अभाव असं समजणारा हा बदल करतो. चित्रपटकलेचे जर्मन अभ्यासक रुडॉल्फ आर्नहाइम यांनी 1932 मध्येच लिहिलं होतं, की पडद्यावर जगातलं जे जे गळतं, त्या गळण्यातूनच चित्रपट कला होतो. म्हणून मी कर्त्याच्या हक्कासाठी भांडत असलो तरी कर्त्याच्या मनातल्या इच्छेपेक्षा त्याच्या हातून झालेली कृती मोठी मानतो. रंगीत प्रत असू द्या. ती 'मुघल-ए-आझम'ची जागा घेत नाही, हे सांगून असू द्या.

दुसरं उदाहरण 'शोले'चं. रमेश सिप्पींनी चित्रित केलेल्या मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार मारतो. आणीबाणी होती. निवृत्त पोलीस अधिकारी कायदा हातात घेतो हे सेन्सॉरला चाललं नाही, म्हणून शेवट पुन्हा चित्रित करावा लागला. पोलीस येतात, ठाकूरला थांबवतात, गब्बरला घेऊन जातात. 15 ऑगस्ट 1975 पासून देशानं हाच 'शोले' पाहिला, संवाद पाठ केले. 2025 मध्ये जतन करून सिद्ध केलेली मूळ शेवटाची प्रत इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली. खरा 'शोले' कुठला? ठाकूरचं दुःख, त्याचे तुटलेले हात, खिळ्यांचे बूट, या सगळ्याचा रोख मूळ शेवटाकडे आहे यात मला शंका नाही. पण पोलिसांचा शेवटही सिप्पींनीच चित्रित केला, त्याच नटांना घेऊन. तो त्या काळाच्या दडपशाहीचा पुरावा आहे आणि पन्नास वर्षांच्या प्रेक्षकांची आठवण आहे. तो नष्ट करणं हाही खोटेपणा ठरेल. दोन्ही प्रती जपाव्यात, कुठली कधीची ते पडद्यावर लिहावं. 'शोले'च्या दोन शेवटांत आणि 'अंबिकापती'च्या दोन शेवटांत मुळातच फरक आहे. 'शोले'चे दोन्ही शेवट ज्यांनी चित्रपट केला त्यांच्याच हातचे आहेत.

आणि हे आजच बोलायला हवं, कारण बिघडवण्याची पद्धत बदलली आहे. पूर्वी तंबू टॉकीजमध्ये वेळ वाचवायला रीळ गाळलं जायचं, एखादा वितरक गाणं कापायचा. त्यानं एक प्रत बिघडायची, बाकीच्या गावोगाव शाबूत असायच्या. आता चित्रपट कुठल्यातरी सर्व्हरवर एकाच जागी असतो. तिथली फाइल बदलली की एका रात्रीत सगळ्या जगातला चित्रपट बदलतो आणि जुना कसा होता हे सांगायला घरात प्रतही नसते. पुन्हा हे करणं दिवसेंदिवस स्वस्त होत चाललंय. मूळ कुठलं आणि नंतरचं कुठलं हे कळेनासं होणं म्हणजे काय, ते आपण अनुभवलंय. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात 'राजा हरिश्चंद्र' म्हणून जी रिळं आहेत ती 1913 ची नसून फाळक्यांनी 1917 मध्ये नव्यानं केलेल्या चित्रपटाची असावीत, असं काही अभ्यासकांचं साधार मत आहे. देशाच्या पहिल्या कथापटाबद्दल ही अवस्था. मूकपटांच्या काळात तेराशेहून अधिक चित्रपट झाले, त्यांतले जेमतेम तीसएक उरलेत, तेही काही तुकड्यांत. तेव्हा काळजी नव्हती, ज्ञान नव्हतं, नायट्रेटची फिल्म पेट घ्यायची. आज यातली एकही सबब नाही.

इतरत्र हे सुटलेलं आहे. अमेरिकन दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन यांचा 1950 सालचा एक कृष्णधवल चित्रपट फ्रान्समधल्या दूरचित्रवाणी वाहिनीनं रंगवून दाखवायचं ठरवलं. अमेरिकेच्या कायद्यानं हक्क स्टुडिओकडे होते. ह्यूस्टन वारले होते. तरी त्यांच्या मुलांनी दावा लावला आणि 1991 मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की मालकी कुणाचीही असो, फ्रान्समध्ये कृतीच्या अखंडतेला हात लावता येणार नाही. तिथल्या कायद्यात तरतूदच आहे. दिग्दर्शक आणि निर्माते यांनी मिळून अंतिम प्रत ठरवली की चित्रपट पूर्ण झाला असं समजायचं, त्या प्रतीचा मूळ साचा नष्ट करायला मनाई, आणि नंतर त्यात काही घालायचं, काढायचं किंवा बदलायचं असेल तर पुन्हा त्यांची संमती. फ्रान्समधला चित्रपट उद्योग यानं बुडाला नाही.

आपल्याकडे करायचं काम यापेक्षा अवघड नाही. 2010 च्या विधेयकातून गळलेली तरतूद परत आणावी आणि मुख्य दिग्दर्शकाला निर्मात्याबरोबर कर्ता मानावं. कलम 57 त्याला आपोआप लागू होईल. करारातून हा हक्क लिहून घेता येणार नाही, असं स्पष्ट म्हणावं. नाहीतर पहिल्या चित्रपटासाठी दारोदार फिरणाऱ्या पोराकडून पहिल्याच पानावर सही घेतली जाईल. प्रदर्शित झालेली प्रत जशीच्या तशी पुण्याच्या संग्रहालयात जमा करणं बंधनकारक करावं, म्हणजे दिग्दर्शक हयात नसला तरी चित्रपट स्वतःच्या बाजूनं साक्ष देऊ शकेल. बदललेली प्रत दाखवायचीच असेल तर ती वेगळ्या नावानं, बदल काय आणि कुणी केले ते सुरुवातीलाच लिहून, आणि मूळ प्रत त्याच ठिकाणी उपलब्ध ठेवून दाखवावी.

मराठी चित्रपटसृष्टीनं यासाठी पुढाकार घ्यावा असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे मोठा बाजार नाही. गेल्या वीस वर्षांत आपण जे कमावलं ते दिग्दर्शकांच्या जोरावर. 'फँड्री'च्या शेवटी जब्या दगड उचलतो आणि थेट आपल्या अंगावर भिरकावतो. 'कोर्ट'मध्ये सुट्टी लागते, न्यायालयातले दिवे एकेक करून मालवतात, पडदा काळोखात बुडतो, आणि चित्रपट संपला असं वाटत असतानाच चैतन्य ताम्हाणे आपल्याला न्यायाधीशांच्या सहलीला घेऊन जातात. तिथे ते एका नातेवाइकाला त्याच्या मुलासाठी अंकशास्त्राचा सल्ला देतात, बाकावर डुलकी काढतात, झोपमोड करणाऱ्या पोरांपैकी एकाला थोबाडीत देतात आणि पुन्हा डुलकी घेतात. कुठल्याही गुंतवणूकदाराला वाटेल की काळोखात संपवलं असतं तर नेटकं झालं असतं, दगड भिरकावल्यावर पुढे काय झालं ते दाखवलं असतं तर लोक समाधानानं घरी गेले असते. हे चित्रपट ज्यांच्या मालकीचे आहेत त्यांनी असं काही केलेलं नाही, करतील असंही मी म्हणत नाही. पण मालकी विकली जाते, कंपन्या हात बदलतात, आणि विकत घेणाऱ्या पुढच्या माणसाला अडवणारं एकही कलम आज आपल्या कायद्यात दिग्दर्शकाच्या हाती नाही. लेखक, संगीतकार, कलावंत यांच्या संघटनांनी आपापले हक्क अनेक वर्षं भांडून मिळवले. दिग्दर्शकांच्या संघटनांनी आणि त्यांच्या बाजूनं आपण प्रेक्षकांनी ही मागणी खासदारांपर्यंत न्यायला हवी, पुढची अशी प्रत चित्रपटगृहात लागायच्या आत.